प्रेमदासच्या पोटातले माझे घर

मी एक जुना जिवाणू आहे. इतका लहान, की सुईच्या टोकावर माझे हजारो भाऊबंद मावतील. वर्धा जिल्ह्यातल्या जाम गावच्या चौरस्त्यावर ट्रकचे पंक्चर काढणाऱ्या प्रेमदासच्या मोठ्या आतड्यात माझा मुक्काम. माझे वय विचारू नका. आम्ही एकाचे दोन होतो, दोनाचे चार; त्यातला पहिला कोण, हे मलाही सांगता येणार नाही. प्रेमदास रांगत होता तेव्हापासून आम्ही इथे आहोत, एवढे खरे.

मित्रांनो, आमचे अन्न एकच, ऑक्झलेट नावाचे क्षारद्रव्य. चहात, शेंगदाण्यात, पालकात, धोप्याच्या म्हणजे अळूच्या पानांत ते असते. रक्तात गेले तर मूत्रपिंडाला ते गाळून बाहेर टाकावे लागते, आणि फार साठले तर त्याचे खडे होतात. आम्ही ते आतड्यातच खाऊन टाकत असू. प्रेमदास दिवसाला दहा कप चहा प्यायचा आणि आमची चंगळ व्हायची. आम्ही त्याचे काही भले करतो, हे त्याला ठाऊक नव्हते. खरे सांगतो, आम्हालाही नव्हते.

रस्त्याच्या धुळीने त्याचा घसा नेहमी धरायचा. १९९८ साली एका ट्रकवाल्याने त्याला अँटिबायोटिकच्या दोन कॅप्सूल दिल्या. बरे वाटले. मग घसा धरला की तो मनानेच त्या आणायचा, दोन दिवस घ्यायचा आणि सोडून द्यायचा. त्या औषधाने आमची दाणादाण उडाली. तीन वर्षांत कोट्यवधींचे आम्ही आतड्याच्या एका घडीत मोजके उरलो. भोवतीने ऑक्झलेट वाहत होते आणि खायला तोंडेच नव्हती.

२००१ च्या मे महिन्यात प्रेमदासच्या कमरेत कळ उठली. तो टायरांच्या ढिगाशेजारी गडबडा लोळला. दुसऱ्या दिवशी लघवीचा थेंबही येईना. त्याची बायको मीराबाई हिने त्याला जीपमध्ये घालून वर्ध्याला दवाखान्यात नेले.

सोनोग्राफी करताना डॉक्टर रक्षाताईंनी दोन्ही कुशी पुन्हा पुन्हा तपासल्या. मग म्हणाल्या, "यांना जन्मापासून एकच मूत्रपिंड आहे. त्याच्याच नळीत खडा अडकलाय."

"एकच? बाई, माणसाले तं दोन राहतेत नं?" मीराबाईने विचारले.

"एकावरही माणूस आयुष्य काढतो. पण आज तेच बंद पडलंय. लगेच खडा काढला नाही, तर जिवावर बेतेल."

मी थक्क झालो. चाळीस वर्षे आम्ही शेजारी होतो! तो मुठीएवढा अवयव एकट्याने रात्रंदिवस सगळे रक्त गाळत होता, आणि कधी कुणाला कळूही दिले नाही.

दुर्बिणीने खडा काढला. मीराबाई खाटेखाली लोंबणाऱ्या लघवीच्या रिकाम्या पिशवीकडे टक लावून बसली. बऱ्याच वेळाने नळीतून एक थेंब पडला. मग दुसरा. "आला वो बाई, आला!" ती रडत ओरडली. त्या थेंबाएवढे मोलाचे काही मी आजवर पाहिलेले नाही.

सकाळी डॉक्टरांनी बाटलीतला खडा दाखवला. तुरीच्या दाण्याएवढा, काटेरी.

"एवढासा! काऊन झाला हा?" मीराबाईने विचारले.

"ऊन, कमी पाणी, भरमसाट चहा," डॉक्टर म्हणाल्या. मग त्यांनी औषधांची चौकशी केली आणि कॅप्सूलचे ऐकून म्हणाल्या, "पोटात एक जिवाणू असतो, याच खड्याचा क्षार खाऊन जगणारा. अशा औषधांनी तो मरतो. त्याच्या नसण्याने खडे किती वाढतात, याचा शोध अजून चालू आहे."

प्रेमदास हळूच म्हणाला, "म्हंजे मीच मारलं का त्याले?"

"तुम्हाला ठाऊक नव्हतं. एखादा उरलाही असेल."

डॉक्टर गेल्यावर मीराबाईने नवऱ्याच्या पोटावर तळहात ठेवला आणि वाकून म्हणाली, "असशीन तं राह्यजो रे बापा. आता तुले कोणी नाई मारत."

माझ्याशी कुणी बोलण्याची ती पहिलीच वेळ.

मित्रांनो, डॉक्टरांनी दिलेले औषध जरूर घ्या, सांगितले तितके दिवस घ्या. पण कुणाच्या खिशातली कॅप्सूल आपल्या मनाने गिळू नका. उन्हाळ्यात पाणी भरपूर प्या. तुमच्याही पोटात आमच्यासारखे अगणित जीव राबत आहेत. त्यांना ओरडता येत नाही.