सातव्या वेढ्यातली चूक

परदेशातून आलेल्या निरोपात एकूण तीन वाक्यं होती. ती वाचून दाखवण्याआधी फोटोताईने चहा पिऊन घेतला, म्हणजे नंतर मिळाला नाही तरी चालेल. टोपल्या अप्रतिम आहेत. वीण डोळ्यांचं पारणं फेडते. पण त्या यंत्रावर केल्यासारख्या वाटतात, तेव्हा क्षमस्व.

थोरली अकरावा वेढा घालत होती. तिने मान वर केली नाही. "कुठलं यंत्र?"

"तसं अमुक एक नाही, मावशी. यंत्र म्हणजे... सर्वसाधारण यंत्र."

"मग त्याला म्हणावं, येऊन गवत भिजव."

फोटोताई ही संस्थेची मुलगी. संस्था बायकांना छोटी कर्जं देते आणि त्यांनी हाताने केलेल्या वस्तू परदेशातल्या हौशी लोकांना विकते. प्रत्येक वस्तूबरोबर ती करणाऱ्या बाईचा हसरा फोटो जातो, त्यामुळे दमलेल्या बायकांना हसवण्यात ताईचं निम्मं आयुष्य खर्ची पडत होतं. कर्ज घेतल्या दिवसापासून थोरली कागदोपत्री उद्योजिका झाली होती. आधी तिची नुसती पाठ दुखायची, आता उद्योजिकेची पाठ दुखायची. फोटोत ती काही केल्या हसत नव्हती. शेवटी संस्थेने फोटोखाली 'अंतर्मुख कलाकार' असं छापून वेळ मारून नेली होती.

टोपल्या परत आल्या याचं थोरलीला फारसं काही वाटलं नाही. परत आलेली टोपली निदान कपडे ठेवायला होते. पण यंत्र? बत्तीस वर्षं गवत ओढून तिची बोटं वाकडी झाली होती. यंत्राची बोटं वाकडी झाली असती तर त्याला दुरुस्तीला तरी नेलं असतं. हे हाताने केलंय, एवढं एकदा कोणीतरी कबूल करावं आणि मग आपण सुखाने आडवं व्हावं, याहून जास्त तिचं काही मागणं नव्हतं.

"उपाय सोपा आहे," फोटोताई म्हणाली. "प्रत्येक टोपलीत एक छोटीशी चूक ठेवा. म्हणजे हाताची वाटेल."

आतून धाकटी जाऊ बाहेर आली. तिच्या हातातही टोपली होती. ती गोल होती असं म्हणायला मन मोठं करावं लागलं असतं.

"चुका हव्यात?" धाकटी म्हणाली. "मग मी इतकी वर्षं बोलणी का खाल्ली?"

"तुझी टोपली टेबलावर ठेवली की चालायला लागते."

"जिवंत वाटते म्हणा ना, जाऊबाई."

त्या दिवसापासून थोरली चूक करायच्या मागे लागली. डोळे मिटून विणलं, टोपली सरळ आली. डाव्या हाताने विणलं, तीही सरळ आली, फक्त वेळ दुप्पट लागला. मुद्दाम एक पाती चुकीची घातली, तर पुढचा वेढा घालता घालता बोटांनी ती परस्पर काढून टाकली. तिला पत्ताही लागू दिला नाही. धाकटीने शिकवणी घेतली.

"विणताना डोक्यात दुसराच विचार आणायचा. चूक आपसूक होते."

"तू कसला विचार करतेस?"

"तेच तर आठवत नाही. म्हणून तर होते."

थोरलीने आठवडाभर दुसरे विचार केले. दुखरी दाढ, गळका नळ, माहेरचा जिना, सगळं करून झालं. नऊ टोपल्या झाल्या. नऊही निर्दोष. धाकटीने त्या एकेक करून उचलून पाहिल्या आणि खऱ्या कळवळ्याने म्हणाली, "असू द्या. सगळ्यांनाच जमतं असं नाही."

मग एक दिवस तो निरोप पाठवणारी परदेशातली बाईच आली. वस्तू विकत घेण्याआधी ती करणारीला भेटायचं, अशी तिची रीत होती. बाई उंच होती आणि दारातून वाकून आली ती वाकलेलीच राहिली, कारण खाली प्रत्येक गोष्ट कौतुक करण्याजोगी होती. तिने केरसुणीचं कौतुक केलं, ती विकत घेतली. पायपुसण्याचं केलं. कोपऱ्यात थोरलीचा नवरा त्याच्या स्टुलावर बसला होता. स्टुलाचा एक पाय तीन वेळा तारेने बांधलेला होता.

"हे हाताने केलंय का, विचारतायत," फोटोताईने भाषांतर केलं.

"पाय माझ्या हाताने मोडलाय," नवरा म्हणाला.

बाईने ते ऐकून छातीवर हात ठेवला. स्टूल विकाल का, असं विचारलं. नवऱ्याने विचार केला आणि उभं राहून पाहिलं. उभं राहणं काही त्याला पटलं नाही, तो परत बसला.

तोवर टळटळीत दुपार झाली. बाई थोरलीसमोर मांडी घालून बसली आणि तिच्या बोटांकडे बघायला लागली. कौतुक दोन तास चाललं. कौतुक करून घेणं इतकं दमवणारं असतं हे थोरलीला कोणी सांगितलं नव्हतं. पत्र्यावरून ऊन खाली झिरपत होतं, फोटोताईचं भाषांतर गुणगुणत होतं. थोरलीचे डोळे मिटले. हात चालूच राहिले.

जाग आली तेव्हा सातव्या वेढ्यात बाराव्या जागी पाती एकीखालून जायची ती दोघींखालून गेली होती. तिथे एक बारीक टेंगूळ आलं होतं. थोरलीचा चेहरा पडला. तिने ते सोडवायला बोट घातलं, तसं बाईने तिचं मनगट धरलं. बाईच्या डोळ्यांत पाणी होतं.

"त्या म्हणतायत, आता तुमचा हात दिसला," फोटोताई म्हणाली. "ही टोपली घरी नेणार. आणि तीस हव्यात. अगदी अशाच."

"अगदी अशाच?"

ताईने विचारून खात्री करून घेतली. "अगदी अशाच."

इतकं स्पष्ट सांगितल्यावर थोरलीने कामात कसूर केली नाही. दोन महिने लागले. प्रत्येक टोपलीत सातवा वेढा, बारावी जागा, पाती दोघींखालून. एकदा चूक तेराव्या जागी झाली, तर तिने आख्खा वेढा उसवून ती बाराव्या जागी आणली. तीस झाल्यावर तिने त्या फळीवर ओळीने मांडल्या, टेंगूळ बरोबर समोर, एका रेषेत. फोटोताईने फोटो काढून पाठवला. उत्तर तिसऱ्या दिवशी आलं, आणि ताई आधी चहा पिऊन घेऊ लागली, तेव्हाच थोरलीला कळलं.

"काय म्हणते?"

"चूक सगळीकडे एकाच जागी आहे म्हणतायत." ताईने कप खाली ठेवला. "यंत्रावर केल्यात का, विचारतायत."

धाकटी हसत हसत भिंतीला टेकली आणि तशीच खाली बसली. नवरा स्टुलावरून म्हणाला, "कुठलं यंत्र?"

"नमुन्यासाठी त्यांनी घरच्या टोपलीचा फोटोही पाठवलाय. कशी हाताची वाटते बघा म्हणतायत."

थोरलीने फोन हातात घेतला. स्वच्छ फडताळ, त्यावर तिची टोपली, आत किल्ल्या. तिने दोन बोटांनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला.

"चूक कुठाय?"

ताईने पाहिलं. धाकटीने उठून पाहिलं. वीण सरळ होती, अगदी देखणी.

"मागच्या बाजूला असेल," ताई हळूच म्हणाली.

"भिंतीकडे."

"हो. भिंतीकडे."

"म्हणजे घरी येणाऱ्याला सरळ बाजू दिसावी."

 आणि थोरलीला एकदम हसू फुटलं. बराच वेळ हसली, पाठ धरून. ताईने सवयीने फोटो काढला.

हसून झाल्यावर थोरली गुडघ्यांवर हात देत उठली. फळीजवळ जाऊन तिने एकेक टोपली धरून फिरवली, कुठली थोडी, कुठली जास्त. काहींचं टेंगूळ डावीकडे गेलं, काहींचं उजवीकडे, काहींचं भिंतीकडे. "घे आता फोटो," ती म्हणाली. "हा पाठव."

उत्तर चहा निवायच्या आत आलं. आता प्रत्येक टोपली वेगळी आहे, आता हात दिसतो, तीसही पाठवा. आणि सोबतच्या फोटोतली बाई किती आनंदी दिसते.

ताई खूश होऊन टोपल्या घेऊन गेली. जे थोरलीला ऐकायचं होतं ते कोणीतरी, टोपल्या फिरवून का होईना, म्हणालं होतं. आता आडवं व्हायला हरकत नव्हती. पण आडवं होण्याआधी तिला एक टोपली घरासाठी करावीशी वाटली, नीट, सरळ, कोणालाही न दाखवायची. सातव्या वेढ्यात हात आपोआप दोघींखालून गेला. तिने उसवलं. पुन्हा गेला. चौथ्यांदा उसवल्यावर तिने ती टोपली धाकटीकडे सरकवली.

"तू कर पुरी," ती म्हणाली. "तुझ्याकडून दुसरी कुठलीतरी चूक होईल."

आणि भिंतीकडे तोंड करून ती झोपली.