हौसाची बेणणी

मला राग आला की तो आधी तोंडात येतो, डोक्यात मागाहून. माझे मालक, काशीराम, होते तेव्हा म्हणायचे, "मैने, तुला बोलायचा पगार मिळत असता तर रत्नागिरीत बंगला झाला असता आपला." ते गेले, बंगला झाला नाही, तोंड मात्र तसंच राहिलं.

भात कापल्यावर मळ्यात जी ओल उरते, तिच्यावर आम्ही मूग पेरतो. वीस दिवस झाले की मुगाच्या जोडीने रान वर येतं. सांडलेल्या दाण्यांचं भात उगवतं, गवत उगवतं, आणि हे सगळं मुगापेक्षा जोरात. तेव्हा उकिडवं बसून एकेक काडी हाताने उपटायची, त्याला आम्ही बेणणी म्हणतो. ती चुकली तर मूग दडपतो आणि शेंग धरत नाही. एकटीचं काम नव्हे ते. म्हणून वाडीची रीत अशी की आज तू माझ्यात ये, उद्या मी तुझ्यात. मजुरी नाही, फक्त चहा आणि कामाची फेड.

पूर्वी आम्ही आठ जणी होतो. कोणी मुंबईला मुलांकडे गेल्या, कोणी वर गेल्या. नव्या सुना सकाळच्या गाडीने जयगडला बंदरावरच्या कँटीनला जातात, त्यांच्या नखाला माती लागत नाही. उरलो मी आणि हौसा. एकाच वैशाखात लग्न होऊन आम्ही या वाडीत आलो. पस्तीस वर्षं मळ्यात एकमेकींच्या शेजारी बसलो. सासूची चुगली, पोरांची दुखणी, सगळं बेणताना बोलून झालं. ती नाही आली तर माझ्या शेतात दुसरं कोणी येणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

हौसाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. इस्पितळाने तारीख दिली होती, पण "मूग निघूंदे, मग बघू" म्हणत तिने ती पुढे ढकलली. यंदा मी तिच्याकडे दोन दिवस दिले. मग ती माझ्याकडे आली. पहिल्या दिवशी ऊन उतरताना मी मागे वळून पाहिलं, तर तिच्या उपटलेल्या ढिगात मुगाची रोपं. मूठभर असतील, फार नव्हती. पण कंबर दुखत होती, ऊन डोक्यात गेलं होतं, आणि माझं तोंड सुटलं.

"हौसा, रान ठेवतंस नि मूग उपटतंस! आंधळ्या मानसानं बेणायला येऊ नये. घरी बस."

तिने हात पदराला पुसले. उठताना गुडघ्यावर जोर दिला आणि म्हणाली, "एक दीस झाला माजा. एक राह्यला."

"नको मला तुजा दीस. तुज्यावाचून काय अडला नाय माजा."

ती मेरेवरून, मळ्याच्या बांधावरून, चालत गेली, पायाने चाचपत. त्याच क्षणी मला लाज वाटली. पण लाज कबूल करण्यापेक्षा रागावणं सोपं असतं, म्हणून मी आणखी रागावले.

माळ्यावर पावसाळ्यातली औषधाची अर्धी बाटली होती. भातात फवारली तेव्हा काय सुरेख काम केलं होतं तिने! माका आणि बाकीचं रान माना टाकून पडलं आणि भाताच्या पातीला धक्का नाही. तेव्हापासून माझ्या डोक्यात बसलं होतं, की या औषधाला पीक ओळखता येतं. दुसऱ्या दिवशी पंप पाठीला लावला आणि सगळ्या मळ्यात फवारलं. हौसाचं घर मळ्याच्या वरच आहे. तिला ऐकू जावं म्हणून पंपाचा दांडा मी मुद्दाम खडखडा हलवत होते. केवढी मिजास!

तिसऱ्या दिवशी मुगाचे शेंडे पिळवटले. आठव्या दिवशी पानं गोळा होऊन पिवळी पडली. आणि गवत? गवत खुशाल डोलत होतं. तेव्हा कुठे मी चष्मा लावून बाटलीवरचा बारीक मजकूर वाचला. भातासाठी. रुंद पानांचं रान मारण्यासाठी. मूग रुंद पानाचा, गवत भाताच्या जातीचं. औषधाने आपलं काम चोख केलं होतं. सातवी पास झालेल्या डोळस बाईला बाटली वाचायची बुद्धी आधी झाली नव्हती, एवढंच. मी बांधावर बसून रडले. मुगासाठी थोडी, स्वतःच्या मूर्खपणासाठी जास्त.

दहाव्या दिवशी सकाळी हौसा मळ्यात उतरली.

"एक दीस राह्यलाय," म्हणाली आणि पहिल्या ओळीला बसली.

मला म्हणता आलं असतं, हौसा, मूग मेला, ऊठ. सांगितलं असतं तर ती हसली असती, मीही हसले असते, आणि चहा पिऊन सगळं मिटलं असतं. जीभ उचलली नाही. जिला आंधळी म्हटलं, तिला स्वतःचं आंधळेपण दाखवायचं कसं? मी गुपचूप तिच्या शेजारी बसले.

ती काडी उपटण्याआधी प्रत्येक रोप बोटांनी चाचपत होती. मूग लागला की हात काढून घ्यायची, गवत लागलं की उपटायची. एका रोपाशी बोटं थांबली. "पानां अशी गोळा कशी झाली गो?"

"थंडीनं," मी म्हटलं.

तिने हात काढून घेतला आणि पुढच्या काडीला लागली. पस्तीस वर्षं मुगाची पानं हाताळलेली ती बोटं. त्यांना काय कळायचं ते कळलं असणारच. दिवसभर ती ओळीमागून ओळ बेणत राहिली. चहा दिला तो प्यायली नाही.

ऊन उतरलं तशी ती उठली.

"मैना, एक तरी मूग उपटला काय गो मी?"

"नाय."

"मग फिटली माजी फेड. आता फुडल्या साली मला बोलवू नको, नि तू पन येऊ नको."

ती चाचपत मेर चढून गेली. मी मळ्याकडे पाहिलं. गवताची एक काडी उरली नव्हती, आणि मेलेल्या मुगाचं एकेक रोप जागच्या जागी उभं होतं. इतकी स्वच्छ बेणणी माझ्या शेतात आजवर कोणी केली नव्हती.