मी चंद्रकलाचं आतडं

मी एक मोठं आतडं बोलतोय. नाक मुरडू नका. पोटात होतो तोवर मला कुणी विचारलं नाही. आता काचेच्या बरणीत, औषधाच्या उग्र पाण्यात पडून आहे, म्हणून बोलतो.

माझा जन्म सावरगावचा, चंद्रकलाबरोबरचा. ती ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, कच्ची बोरं काहीही खायची आणि मी निमूट पुढं ढकलायचो. तिला माझी आठवणही नसायची. तेच माझं सुख होतं.

लग्न होऊन ती सौंसरला आली. नवरा उत्तम संत्र्याच्या बागेत मजुरी करायचा, ती कापूस वेचायला जायची. तिथं, पंच्याऐंशी साली, मला आतून जखमा झाल्या. का झाल्या, ते पुढं डॉक्टरांनाही नीट सांगता आलं नाही. रक्त पडू लागलं. कळ आली की तिला धावावं लागायचं, आणि वावरात आडोसा कुठला? तिनं दिवसा जेवणंच सोडलं. दुपारी बाया शिदोरी सोडून बसल्या की ही लांब धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, जाऊन बसायची. बायांना वाटलं, हिला गर्व झाला.

सासूला, शांताबाईला, धुण्यावरून कळलं. ती सुनेची लुगडी स्वतः धुऊ लागली. आवेच्या गोळ्या झाल्या, बेलाचा मुरब्बा झाला. चंद्रकला वाळत गेली. पुढच्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर मी फुगलो, ताणून ताणून पातळ झालो. ती तापानं फणफणली. उत्तम आणि शांताबाईनं तिला बसमध्ये आडवी घालून नागपूरच्या दवाखान्यात आणलं.

डॉक्टर म्हणाले, आतडं कधीही फुटेल, मग ती हाती लागणार नाही. पूर्ण काढावं लागेल. लहान आतड्याचं तोंड पोटावर आणायचं आणि तिथं पिशवी बांधायची, जन्मभर.

चंद्रकलानं ऐकलं. उत्तमचा हात धरून ती म्हणाली, "मले मरू द्या. पण पोटावर पिशवी बांधून जगवू नका."

मग तिची शुद्ध गेली. डॉक्टर उत्तमकडे बघत उभे राहिले. तो भिंतीला टेकून खाली बसला. मी आत तडतडत होतो. तो नाही म्हणाला असता, तर आम्ही दोघंही संपलो असतो. शेवटी त्यानं मान हलवली.

मी पहिल्यांदा उजेड पाहिला तो असा. तुटताना तिची नाडी चालू होती, एवढंच मला कळलं.

दिवाळीमुळं तपासणीची खोली बंद होती. मला बरणीत घालून उत्तमच्या हाती दिलं, खोली उघडली की आणून द्या म्हणाले. त्यानं बरणी दुपट्ट्यात गुंडाळून खाटेखाली ठेवली.

चंद्रकला शुद्धीवर आली. हात पोटाकडे गेला आणि तिथंच थांबला.

"तुमी हो म्हटलं?"

"हो."

तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. रबरी पिशवी गळायची, वास सुटायचा, शेजारच्या खाटांवरच्या बाया तोंडाला पदर लावायच्या. नर्सनं दाखवलं तसं उत्तम धुवायला शिकला. त्याचे हात पोटाला लागले की ती डोळे मिटून घ्यायची. घोट घोट पाणी द्यायला परवानगी मिळाली, पण तिनं ओठ उघडले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. वाटीतलं पाणी तसंच राहायचं.

तिसऱ्या सकाळी शांताबाई खाटेवर टेकली. "पोरी, म्या तुही लुगडी धुतली. पिशवीबी धुईन. पण तुले मातीत घालाची ताकद नाही माह्यात."

चंद्रकला खूप वेळ रडली. मग सासूच्या हातून दोन चमचे पाणी प्याली. उत्तमकडं बघितलंही नाही.

त्याच दिवशी त्यानं मला तपासणीच्या खोलीत आणलं. बरणी टेबलावर ठेवली, पण वरचा हात उचलेना. आतल्या माणसानं नाव लिहून घेतलं आणि विचारलं, "पेशंट आहे ना अजून?"

"हाय," उत्तम म्हणाला. "माह्याशी बोलून नाही राहिली. पण हाय."

तो गेला. आता झाकण उघडतंय. चंद्रकला, तुझ्यावरचं माझं ओझं उतरलं. जमलं तर एकदा त्याच्या हातून पाणी घे.