रस्त्यापलीकडचं दुकान

"...आणि पोस्टातून निघाले तर शेजारची नदीन भेटली. मग तिच्याबरोबर कॉफी, मग वाचनालय. पाय नुसते मोडून आलेत बघ!" फोनवर वर्नाची तक्रार चालली होती.

अर्लीनच्या अंगाचा तिळपापड झाला. ह्याला तक्रार म्हणतात!

वर्ना तिची थोरली बहीण. आयोवातल्या त्यांच्या जुन्या गावातच राहिलेली. एकच मोठा रस्ता, दोन्ही बाजूंना दुकानं, दुकानांवर बिऱ्हाडं, सगळं चालत जाण्याजोगं. लग्नानंतर अर्लीन डॅलसबाहेरच्या नव्या वसाहतीत आली, तेव्हा तिनंच वर्नाची कीव केली होती. आपल्याकडे दोन गाड्यांचं गॅरेज, पुढे हिरवळ! आता नवरा गेला, आणि नजर अधू झाली म्हणून मागच्या महिन्यात लायसन्सही गेलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरचं दुकान दिसायचं, पण मध्ये सहा पदरी रस्ता. पलीकडे जायलासुद्धा इथे लोक गाडी काढतात. पन्नास वर्षं तिनंही तेच केलं होतं.

"लेक शनिवारी येईल ना तुझी? तोवर घरातच बसायचं. बिचारी गं तू!" वर्ना म्हणाली.

बिचारी? अर्लीनला ते फार झोंबलं.

"मी निघालेच आहे दुकानात. चालत," तिनं ठणकावलं आणि फोन ठेवला.

फूटपाथ नव्हताच. गवतातून, गटाराच्या कडेनं ती सिग्नलच्या दिशेनं निघाली. गाड्या हॉर्न मारत अगदी जवळून जात होत्या. सिग्नल अजून लांब होता, तोच पोलिसांची गाडी शेजारी थांबली.

"मॅडम, गाडी बंद पडली का कुठे?"

"नाही. चालतेय मी."

"चालताय?" पोलिसाला ते पटेना. "घरच्यांचा नंबर आठवतोय का तुम्हाला?"

"मला वेड नाही लागलेलं! अंडी आणायचीत."

"म्हातारी बाई रस्त्याकडेला भटकतेय, असा फोन आला होता आम्हाला. बसा, घरी सोडतो."

तो इतक्या मायेनं बोलत होता, की तिला भांडताही येईना. अंडी न घेताच ती घरी आली.

संध्याकाळी वर्नाचा पुन्हा फोन. "काय गं, गेलीस का खरंच?"

"गेले ना."

"वाटेत कोण भेटलं?"

वर्नाच्या गावात हा साधाच प्रश्न.  अर्लीन म्हणाली, "एक जण भेटला. चांगला तरणाबांड. दारापर्यंत सोडायला आला, उतरताना हातसुद्धा दिला."



"नशीब काढलंस बाई," वर्नाचा आवाज जरा आंबटच होता. "मला मेलीला इथे कोण सोडायला येतंय! आपली एकटी चालत असते."

उभ्या आयुष्यात वर्नाला तिचा हेवा वाटला तो हा पहिल्यांदाच. अर्लीननं रिसीव्हर कानाशी घट्ट धरला. ऐकू तर स्वच्छ आलं होतं.

"काय म्हणालीस?" ती म्हणाली. "परत म्हण ना."