तायवोच्या जागी

इंटरनेटवरच्या आमच्या योरुबा भाषेतल्या विश्वकोशाच्या पहिल्या पानाला कुलूप असतं. आतल्या पानांवर कुणीही यावं, काहीही लिहावं आणि मागून आम्ही निस्तरत बसावं. पण पहिलं पान म्हणजे दारापुढचं अंगण, ते किल्ली असलेल्यानंच झाडायचं. अख्ख्या इबादान शहरात आम्ही किल्लीवाले तिघं, सगळे फुकट राबणारे, आणि तोरा मात्र राजवाड्यातल्या कारभाऱ्यांचा.

त्या तिघांत सगळ्यात खाष्ट मी. केहिंदे, निवृत्त मास्तरीण. चुकांच्या फलकावर कुणी तक्रार लावली की माझा एकच प्रश्न, पुरावा कुठाय? शिवाय एक नियम मीच भांडून करून घेतला होता. माणूस ‘विसावला’, ‘प्रभूकडे गेला’ असलं गुळमुळीत काही लिहायचं नाही. मृत्यू झाला, की ‘मृत्यू’ लिहायचं.

त्या शनिवारी ‘आजचं छायाचित्र’ माझंच होतं. सहा वर्षांच्या दोघी बहिणी, सारखे फ्रॉक, स्टुडिओतल्या बाकावर शेजारी शेजारी. खाली ओळ होती, ‘जुळ्या बहिणी तायवो आणि केहिंदे, इला गाव, १९७४.’ तायवोचा हा एवढाच फोटो; तो काढल्याचं मला काही आठवत नाही. जुळ्यांतलं एक मेलं असं आमच्यात तोंडातून काढत नाहीत; काढलं तर मागे राहिलेल्यालाही बोलावणं येतं म्हणतात. बाहेरगावी गेलीय, एवढंच म्हणायचं. आमच्या घरात तायवो पन्नास वर्षं बाहेरगावीच होती. आणि आई अजून इया इबेजी, जुळ्यांची आई. इबादानच्या चर्चमधल्या बायकांना तिचं दुसरं नावही ठाऊक नाही. त्यांना वाटतं, तायवो कुठंतरी परदेशात असते.

सकाळपासून आई माझा जुना फोन घेऊन घरभर हिंडत होती. “अख्खं जग बघतंय म्हणतेस? दोघींना?”

“आज रात्री बारापर्यंत. मग दुसरं चित्र येईल.”

“एक दिवस पुष्कळ झाला,” ती म्हणाली आणि शेजारणीला फोन लावायला गेली.

दहाच्या सुमारास फलकावर तक्रार आली. मुयिवाची. पोरगा विद्यापीठात शिकतो, नजर घारीची. ‘चित्रात दोन मुली नाहीत. एकच मुलगी दोनदा आहे.’ चित्र कुणी चढवलं ते त्यानं पाहिलंच नव्हतं. मी ताडकन लिहिलं, ‘पुरावा?’

त्यानं दिला. दोघींच्याही उजव्या गुडघ्यावर एकाच जागी, एकाच आकाराची पट्टी. दोघींच्याही फ्रॉकच्या दुमडीतून लोंबणारा तोच एक दोरा. आणि बाकाच्या मधोमध, वरपासून खालपर्यंत, केसाएवढी रेघ. ‘दोन निगेटिव्ह जोडून छापलंय,’ त्यानं लिहिलं होतं.

मी चित्र मोठं केलं. अजून मोठं केलं. मग स्कर्ट वर करून स्वतःचा उजवा गुडघा पाहिला. पेरूच्या झाडावरून पडल्याची खूण तिथं अजून आहे.

उजवीकडच्या मुलीला मी तायवो मानत आले होते. परीक्षा, लग्न, नवऱ्याचं आजारपण, सगळं तिला सांगितलं होतं. इतकी वर्षं मी स्वतःशीच बोलत होते. जगाच्या चुका काढत फिरले, आणि स्वतःच्या उशाशी असलेली मला दिसली नाही.

तेवढ्यात फोन वाजला. चित्रातली मुलगी मीच, हे मुयिवाला आता कळलं होतं. “बाई, माफ करा. मी तक्रार काढून टाकतो. कुणालाही कळणार नाही.”

“मला कळलंय ना,” मी म्हटलं आणि फोन ठेवला. त्याची दया मला झोंबली.

आई स्वयंपाकघरात अकाऱ्यासाठी, आमच्या चवळीच्या भज्यांसाठी, डाळ वाटत होती. मी सरळ विचारलं. तिनं हात थांबवला नाही.

“गोवर आला आणि ती बाहेरगावी गेली. फोटो काढायचा राहूनच गेला होता. अशा वेळी तिच्या जागी लाकडाची बाहुली घरात ठेवायची रीत, तर पास्टर नको म्हणाले. मग फोटोवाल्यानं तुला आधी तुझ्या जागी बसवलं, मग तिच्या. तेव्हा सगळे तसंच करायचे गं.”

“आणि मला का नाही सांगितलंस?”

“तू त्या फोटोशी बोलायचीस. म्हटलं, बोलू दे.”

मला राग आला. तिचा, फोटोवाल्याचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. आपल्या घरची गोष्ट आपण दुरुस्त करू नये, दुसऱ्या किल्लीवाल्याला सांगावं, असाही आमचा नियम आहे. तो मी मोडला. खोलीत जाऊन ओळ बदलली. ‘केहिंदे, दोनदा. तिची जुळी बहीण तायवो हिचा छायाचित्रापूर्वीच मृत्यू झाला होता. तायवोचं छायाचित्र उपलब्ध नाही.’ मुयिवाचे आभार मानले आणि तक्रार निकालात काढली.

आईला सांगायचं मात्र धाडस झालं नाही. म्हटलं, तिला बारीक अक्षर कुठं दिसतंय.

चार वाजता चर्चच्या बायका अकारा खायला आल्या. त्यांतली इया रोंके म्हणजे दवंडीच. तिनं चष्मा लावला, फोन हातात घेतला आणि धडा म्हणावा तशी मोठ्यानं वाचत सुटली. ‘मृत्यू’वर येऊन तिची जीभ अडखळली, पण तोवर शब्द बाहेर पडला होता. कुणी घास गिळेना. दोघींनी माझ्याकडं पाहिलं, जणू मीही आता फार दिवसांची सोबती नाही.

आईनं फोन काढून घेतला. “चूक आहे ती,” ती बायकांना म्हणाली. “ती बाहेरगावी गेलीय.”

बायका लवकरच उठल्या. जाताना इया रोंकेनं पहिल्यांदाच तिला ‘इया इबेजी’ न म्हणता नुसतं “येते, आई,” म्हटलं.

मग आईनं मला जवळ बसवलं. “केहिंदे, चुका दुरुस्त करतेस ना तू? एवढी करून टाक.”

“त्या पानाला कुलूप असतं, आई.” माझा आवाज मलाच परका वाटला. “मला नाही हात लावता येत.”

“मग किल्ली कुणाकडे असते?”

“असते एका बाईकडे.”

“लेकुरवाळी आहे का?”

“नाही.”

आई माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, “तरी विचारून बघ. तिलाही आई असेलच की.”