आधी गुढी, मग घर

कोरमंगलातल्या घरमालकीणबाई लीलावतम्मा यांचा आपल्या भिंतींवर पोटच्या पोरांइतका जीव होता. श्यामलाला कन्नड येत नव्हतं, पण ‘गोडे जोपान’ हे दोन शब्द तिला झोपेतही कळले असते. गोडे म्हणजे भिंत, जोपान म्हणजे सांभाळून. कपाट जरा सरकवलं की खालच्या मजल्यावरून हाक यायची, गोडे जोपान. पुण्याहून येऊन सहा वर्षं झाली होती, हे भाड्याचं चौथं घर, आणि एकाही घरात तिला कॅलेंडरपुरता खिळा ठोकता आला नव्हता. सासूबाईंनी दिलेली कुलदैवताची, ज्योतिबाची तसबीर भिंतीला टेकवून जमिनीवरच उभी असे. देवाला जमिनीवर ठेवलंय याची तिला रोज लाज वाटायची.

म्हणून तिच्या नवऱ्यानं, अवधूतनं, आनेकलच्या अलीकडे नेरळहळ्ळीत जमिनीचा तुकडा घेतला तेव्हा ती आनंदानं रडली होती. तुकडा लहानसाच, गावाच्या कडेला, पण इलेक्ट्रॉनिक सिटीतला त्याचा कारखाना तिथून जवळ. जागा बघायला गेल्या गेल्या तिनं काटकीनं मातीत स्वयंपाकघर आखलं. पूर्वेला खिडकी, खिडकीशेजारी देवाची भिंत. त्या भिंतीत किती खिळे मारायचे हेही तिचं ठरलेलं होतं.

आता घर बांधायचं म्हणजे परवानगी हवी. तिच्याशिवाय ना वीज, ना कंपनीचं घरकर्ज. आणि ते त्र्याण्णव साल. जुनी मंडल पंचायत गेली होती आणि नवी ग्रामपंचायत यायची होती. गावातल्या कचेरीला कुलूप आणि कुलपाला गंज. अवधूत आनेकलला तालुका कचेरीत गेला, तर तिथल्या कारकुनानं चहाचा घोट घेत सांगितलं, “जुनी मेली, नवी अजून जन्मली नाही. मधल्या काळात साहेब आहेत, पण त्यांच्या डोक्यावर ढीगभर गावं. तुम्ही गावातल्या मोठ्यांना विचारा. गाव हो म्हणालं की साहेब सही करतील.”

शेजारच्या सोयराबाईंनी हे ऐकलं. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी बंगळूरला आले, ते इथलेच झाले. घरात मराठी, बाहेर कन्नड, आणि पुष्कळदा एकाच वाक्यात दोन्ही. त्या म्हणाल्या, “अण्णा, मी येऊ का बरोबर? गावची माणसं हाईत, स्वल्प बोलून बघते.”

“कशाला, मावशी? माझं कन्नड आता पक्कं झालंय.”

अवधूतचं कन्नड कारखान्याच्या कँटीनमध्ये आणि बसमध्ये शिकलेलं. रसम मागायला आणि सुटे परत घ्यायला ते पुरत असे. पण माणसाला आपल्या अंगच्या दोन गुणांचा फार गर्व असतो, एक जो खरोखर असतो तो आणि दुसरा जो नुकताच आलेला असतो तो. श्यामलानं त्याच्यावर विश्वास ठेवला, आणि तिथंच ती फसली.

गावचं मोठं माणूस म्हणजे पिळ्ळप्पा. पांढऱ्या मिशा, खांद्यावर टॉवेल, पिंपळाच्या कट्ट्यावर मधोमध बसलेले. त्यांच्या दोन्ही बाजूंना आणखी चारपाच म्हातारे. अवधूतनं आपल्या कन्नडात घर बांधणार असल्याचं सांगितलं, तसा कट्टा गप्प झाला. शहरातली माणसं येतात, जमीन घेतात, तार लावतात आणि कुलूप घालून जातात, हे त्यांनी पाहिलेलं होतं. कुणी हो म्हणेना, कुणी नाही म्हणेना. श्यामला मागं उभी राहून एकेका चेहऱ्याकडे बघत होती.

मग अवधूतला सुचलं. आपण देवाधर्माची माणसं आहोत हे यांना कळलं पाहिजे. आठ दिवसांवर महाशिवरात्र होती, त्यानंतर महिन्याभरानं पाडवा. इथं त्याला उगादी म्हणतात. त्या दिवशी आपल्या जागेत गुढी उभारायची आणि मगच कामाला हात घालायचा, असं दोघांचं घरीच ठरलं होतं. तो छाती पुढे काढून म्हणाला, “उगादीला. मोदलु गुढी, आमेले मने.” म्हणजे आधी गुढी, मग घर.

कट्ट्यावर एकदम जीव आला. म्हातारे आपापसांत बोलू लागले. पिळ्ळप्पा तर उठूनच उभे राहिले आणि त्यांनी अवधूतचे दोन्ही हात हातात घेतले. “याव देवरु?” त्यांनी विचारलं. कोणता देव? अवधूतला वाटलं, कुलदैवत विचारताहेत. तो म्हणाला, “ज्योतिबा.” घोडा, हातात तलवार, सगळं हातवारे करून दाखवलं. पिळ्ळप्पांनी डोळे मिटून हात जोडले. काही काळजी करू नका, सगळं गाव बघून घेईल, तुम्ही फक्त उगादीला या, असं ते म्हणाले.

परतीच्या बसमध्ये अवधूत जमिनीवर नव्हताच. “पाहिलंस? दोन वाक्यांत परवानगी.” श्यामलानं त्याचं भरभरून कौतुक केलं.

पाडव्याला सोयराबाईही हौसेनं निघाल्या. कंडक्टरनं बांबू आत घेऊ दिला नाही, तो टपावर बांधावा लागला. श्यामलाच्या पिशवीत जरीची साडी, तांब्या, साखरेची गाठी आणि कडुलिंबाचा डहाळा. नेरळहळ्ळीच्या वळणावर उतरल्या उतरल्या ढोल ऐकू आला. आपल्या स्वागताला गावानं ढोल लावलाय, या विचारानं तिचा ऊर भरून आला.

जागेवर अख्खं गाव होतं. आणि जागेच्या मधोमध, जिथं तिनं काटकीनं स्वयंपाकघर आखलं होतं नेमकं तिथं, विटांची एक खोली उभी होती. ताजा चुना, चुन्यावर तांबडे पट्टे, दारावर आंब्याची पानं. आत काळ्या दगडाचा घोडेस्वार, हातात तलवार, कपाळाला कुंकू.

चुकीच्या जागेवर आलो, असं श्यामलाला आधी वाटलं. पण कडेची चिंच तीच होती, पलीकडची विहीर तीच होती. हातातली पिशवी कधी खाली गेली ते तिला कळलं नाही. अवधूत बांबू धरून नुसता बघत होता.

सोयराबाई दोन बायकांशी बोलून आल्या, त्यांचा चेहरा उतरला होता. “अण्णा, तुम्ही ह्यांना काय म्हणून सांगितलं होतं?”

“गुढी उभारतो म्हणून. आधी गुढी, मग घर.”

“अयो देवा.” त्या मटकन विटांच्या ढिगावर बसल्या. “अवो, इथं ढ आन ड कोण बघतंय? कन्नडात गुडी म्हणजे देऊळ. आधी देऊळ बांधतो, मग घर, असं कबूल केलंत की तुम्ही.”

अवधूतच्या हातातून बांबू निसटला. श्यामलाला त्याची दया आली नाही. दोन वाक्यांत परवानगी म्हणे. सहा वर्षं आपण तोंड दाबून भाड्याच्या घरात काढली आणि या माणसानं एका शब्दात घर घालवलं, हे तिच्या डोक्यात घणासारखं बसत होतं.

“विचारा त्यांना, मूर्ती कडेला हलवता येईल का,” ती सोयराबाईंना म्हणाली.

सोयराबाईंनी दबक्या आवाजात विचारलं. पिळ्ळप्पांना राग आला नाही, उलट हसूच आलं. पहाटेच प्राणप्रतिष्ठा झाली होती, बसलेल्या देवाला कोण उठवणार? घरोघरून विटा आल्या होत्या. बाहेरच्या कुणी गावाला देवासाठी जागा दिली, असं आजवर घडलं नव्हतं. बोलताना म्हाताऱ्याचे डोळे पाणावले, आणि श्यामलाला त्यांच्यावर धड चिडताही येईना.

“आन तालुक्याची परवानगी?” सोयराबाईंनी विचारलं.

“गुडीला कुणाची परवानगी लागते?”

“मग यांचं घर?”

“गाव शब्दाला जागेल,” पिळ्ळप्पा म्हणाले, आणि सोयराबाई एकेक वाक्य मराठीत सांगत गेल्या. “आधी गुडी, मग घर. आता शिखर व्हायचंय. मग पुढं मंडप. मग जेवणावळीची ओसरी. गुडी पुरी झाली की घर.”

“कधी होईल पुरी?” श्यामलानं विचारलं.

पिळ्ळप्पांना त्या प्रश्नाचं नवल वाटलं. “देवाचं काम कधी पुरं होतं का, अक्का?”

ढोल थांबला. दिवा लावायची वेळ झाली होती, आणि टांगत्या समईचा खिळा जागा देणाऱ्या घरच्या सुनेनं ठोकायचा असतो, असं बायकांनी ठरवलं. कुणीतरी स्टूल मांडलं, कुणीतरी श्यामलाच्या हातात हातोडी दिली. ती चढली. घोड्यावरच्या ज्योतिबाला शेवटी डोक्यावर छप्पर मिळालं होतं, तिला मात्र नव्हतं. सहा वर्षांत पहिल्यांदाच तिच्यासमोर अशी भिंत होती जिच्यात खिळा मारायला तिला बोलावलं होतं, आणि ती भिंतही तिची नव्हती. डोळ्यांतलं पाणी तिनं पुसलं नाही. होता नव्हता तो सगळा जोर लावून तिनं पहिला घाव घातला. ओल्या चुन्याचा ढपला सुटून खाली पडला.

मागून पिळ्ळप्पांचा मऊ आवाज आला. “गोडे जोपान, अक्का.”

सोयराबाई मराठीत सांगायला पुढं सरकल्या, पण त्याची गरज नव्हती.