पॅरा म्हणजे बाजूला

हेल्मेटचा पट्टा शेलार सरांच्या हनुवटीखाली आवळताना जुनेदला जाणवलं, की सर थरथरताहेत. ज्या माणसाने आठवीच्या अख्ख्या वर्गाला नुसत्या भुवयांनी गप्प बसवलं, तो आज कामशेतच्या टेकडीवर उभा राहून सारखा दरीकडे बघत होता.

"घट्ट झालं का, सर?"

"नाही, नाही. ठीक आहे."

सत्तरी गाठली म्हणून सरांनीच हट्ट धरला होता. एकदा उडायचं, आणि उडायचं तर जुनेदबरोबरच. त्यांच्या बायकोने, शालनकाकूंनी, टेकडी चढायला साफ नकार दिला. खाली, भात काढून मोकळ्या झालेल्या खाचरात त्या छत्री उघडून बसल्या होत्या. जुनेदला या सगळ्याचा आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही होता. पण कालपासून एक गोष्ट त्याला सलत होती.

गोष्ट होती सरांच्या इंग्रजीच्या एका धड्याची. 'पॅरा' हा ग्रीक उपसर्ग, अर्थ 'शेजारी, बाजूला'. पॅरलल म्हणजे एकमेकींच्या बाजूने जाणाऱ्या रेषा. पॅराग्राफ म्हणजे मुळात ओळीच्या बाजूला मारलेली खूण. पॅरासाइट म्हणजे दुसऱ्याच्या ताटाशेजारी बसून फुकट जेवणारा. हे सांगताना सर मागच्या बाकावरच्या पवनकडे बघायचे, कारण पवन शाळाभर दुसऱ्यांच्या डब्यांवर जगला. फळा भरत आला की शेवटी यायचं पॅराशूट. "पडणाऱ्याच्या बाजूला असतं ते!" असं म्हणून सर हातावरचा खडू झटकायचे.

जुनेदला इंग्रजी कधी धड आलं नाही, पण हे डोक्यात पक्कं बसलं. पुढे तो पॅराग्लायडिंग शिकला, लोकांना पुढ्यात बांधून उडू लागला. काठावर जो पळायला कचरायचा त्याला तो एकच सांगायचा, "पॅरा म्हणजे बाजूला. ग्रीक शब्द आहे. मी बाजूला आहे, पळा." खरं तर तो पाठीमागे असायचा, पण त्या घटकेला एवढी चौकशी कोण करतो? लोक पळायचे.

काल पुण्याहून एक शब्दकोशाचं काम करणाऱ्या बाई उडायला आल्या होत्या. उतरल्यावर त्या हसून म्हणाल्या, "तुमचा हा पॅरा ग्रीक नाही हो. तो इटालियनमधून फ्रेंचमध्ये आलाय. अर्थ, अडवणं, राखणं. पॅराशूट म्हणजे पडण्यापासून राखणारं. पॅराग्राफचा पॅरा वेगळा."

जुनेदला स्वतःचं काही वाटलं नाही. वाईट वाटलं ते सरांचं. चुकीचा अर्थ शिकवण्यापेक्षा मास्तराने घरी बसावं, हे सरांचंच म्हणणं. आता हे त्यांच्या कानावर घालायचं कसं, आणि न घालता त्यांच्यासमोर उभं राहायचं तरी कसं?

"जुन्या, वारा लय झ्याक लागलाय," गवतावर विंगचं लांबलचक कापड पसरत पवन ओरडला. दोघं शाळेपासूनचे दोस्त, आता धंद्यातही एकत्र होते. "सरास्नी घे आन् निघ. मागनं पडंल वारा."

जुनेदने सरांना आपल्या पुढ्यात कड्यांनी अडकवलं.

"मी सांगितलं की पळायचं, सर. जमीन सुटली तरी पळत राहायचं. मध्येच बसायचं नाही."

विंग फडफडत डोक्यावर उभी राहिली. जुनेद ओरडला, "पळा!" सर जागचे हलले नाहीत. त्याने विंग खाली घेतली. दुसऱ्या खेपेलाही तेच झालं.

"ऱ्हाऊ द्या, सर," पवन हळूच म्हणाला. "न्हाई गेलं तर काय बिघडत न्हाई."

सरांची मान खाली गेली. जुनेदला मागून तेवढीच दिसत होती. आता सर कड्या सोड म्हणतील, पायवाटेने खाली जातील, आणि पुढे कधी या टेकडीचं नाव काढणार नाहीत.

"जुनेद," सर मागे न बघता म्हणाले, "पॅरा म्हणजे काय रे?"

जुनेदने विंगच्या दोऱ्या पुन्हा हातात घेतल्या.

"बाजूला, सर. मी आहे."

विंग उभी राहिली आणि सर पळाले. चपळाईने नव्हे, पण मनापासून पळाले. जमीन सुटली तरी त्यांचे पाय हवेत चालूच होते.

"आता बसा, सर. झालं!"

वर आल्यावर सगळी गडबड एकदम थांबली. खाली पवना धरणाचं पाणी चमकत होतं, खाचरं पिवळी पडली होती. सरांनी खाचरात काकूंची छत्री शोधली. मग अगदी वर्गातल्या आवाजात म्हणाले, "हा पॅरा ग्रीक नाही, जुनेद."

"तुम्हाला माहीत होतं?"

"तुमची बॅच गेल्यावर कळलं. पुढच्या पोरांना नीट शिकवलं. तुला सांगायचं राहिलं." सरांनी हेल्मेटसकट मान हलवली. "राहिलं कसलं! वडगावच्या बाजारात कोणीतरी भेटायचं, म्हणायचं, तुमचा जुनेद घाबरलेल्या माणसांना तुमचा धडा सांगतो. मग मला सांगवायचं नाही. तुला कधी कळलं?"

"काल."

"मग आत्ता चुकीचं उत्तर का दिलंस?"

"तुमचे पाय उचलत नव्हते, सर."

सर इतके हसले, की दोघंही हवेत हलले.

"आणि मला ठाऊक असून मी पळालो की रे!"

जुनेदही हसला. कालपासून पहिल्यांदाच त्याला मोकळं वाटलं. त्याने मुद्दाम एक वळसा जास्त घेतला.

खाचरात उतरल्यावर काकू छत्री मिटत लगबगीने आल्या. सरांना वरपासून खालपर्यंत निरखून झाल्यावर त्या म्हणाल्या, "वर एवढं काय हसत व्हता दोघं? हितवर आवाज येत व्हता."

"चूक तपासत होतो," सर म्हणाले.

"कुणाची?"

सरांनी जुनेदकडे पाहिलं. तो खाली बसून विंग गोळा करत होता.

"ते अजून ठरायचंय," सर म्हणाले.